टोकलं की बसायचं

समोरच्या खोलीत सध्या कापूस राहतो. आम्ही मागच्या खोलीत राहतो. दरवर्षी दिवाळीनंतर हे असं होतं. पहिले वेचे घरात येऊन पडतात, सोफा भिंतीशी उभा केला जातो, टीव्ही स्वयंपाकघराच्या दारात येतो. भाव बरा मिळेपर्यंत बाबा येता-जाता त्या ढिगाकडे, मुक्काम लांबवलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं बघतात. घरात सगळ्यांचे हात खाजत असतात. भाजीत कापसाची एखादी तार निघते, ती नुसती बाजूला काढतात.

काल सकाळी मी पांढरकवड्याला निघाले होते. चष्म्याची काडी मोडली होती, तेवढंच काम. शेजारच्या बेबीकाकू अंगण झाडत होत्या. कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"कुठी चालली वं?"

मी उत्तर द्यायच्या आत आतून आईचा आवाज आला. "टोकलं काय तिनं? बस थोडी. पाणी पे अन् मंग जाय."

"आता मी काय वाईट इचारलं?" काकू म्हणाल्या. "तुमच्या घरी तं बोलाचीच चोरी आहे बाई."

"वाईट नाही वं बेबी. पन जानाऱ्याले कुठी नोको म्हनू. लांब चालली का, असं म्हनाव."

काकूंनी झाडू खाली ठेवला, पदर सारखा केला आणि नाटकातल्यासारखा आवाज काढून विचारलं, "लांब चालली का वं?"

"पांढरकवड्याले," मी म्हटलं.

"हे काय लांब आहे!"

मी ओट्यावर बसले. आईने पाणी आणून दिलं. ते पिताना मला हसू आवरेना, आणि काकूंना वाटलं त्यांच्या नकलेला हसतेय. तसंच वाटू दिलं. खरं म्हणजे मला एक लाकडी बाक आठवला होता, थंडगार, काचेच्या खिडकीशेजारचा. आणि असाच पेला, पण त्यातलं पाणी गरम.

निघणाऱ्याला 'कुठे' विचारलं की हातातलं काम होत नाही, असं आमच्याकडे मानतात. विचारलंच कुणी, तर परत फिरायचं, क्षणभर टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि नव्याने निघायचं. म्हणजे आधीचं निघणं धरलंच जात नाही. मी हे मानते का, असं कुणी विचारलं तर मला नीट सांगता येणार नाही. माझे गुडघे मानतात. 'कुठे' ऐकलं की ते आपोआप वाकतात. गावात असताना ते वाकले तर ठीक आहे. चीनमध्येही वाकतील, असं मला वाटलं नव्हतं.

काही वर्षांपूर्वी एक हिवाळा मी तिथल्या एका शहरात काढला. फार मोठं नाही, फार प्रसिद्ध नाही, विद्यापीठाचं शहर. थंडी कोरडी होती. ओठ फाटायचे, स्वेटर काढताना ठिणग्या उडायच्या. झाडांची सगळी पानं गळून गेलेली, आणि एखाद्याच झाडावर नारिंगी तेंदूसारखी फळं तशीच लटकलेली. लोक स्कूटरच्या हँडलला एक जाड गोधडी अडकवायचे आणि तिच्यात हात-पाय खुपसून गाडी चालवायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, कुणी अंथरुणासकट कामाला निघालंय. कोपऱ्याकोपऱ्यावर लोखंडी पिंपात रताळी भाजत असायची. त्या वासाने मला घरची इतकी आठवण यायची की मी रस्ता बदलून जायचे.

मी तिथे चिनी शिकायला गेले होते, वर्षभराच्या शिष्यवृत्तीवर. गावात याचं कुणाला फारसं कौतुक नव्हतं, कोडंच जास्त होतं. "चीनले कायले? तिथं काय आहे?" असं लोक बाबांना विचारायचे, आणि बाबा म्हणायचे, "भाषा आहे." याच्यापुढे त्यांनाही काही माहीत नव्हतं. स्टँडवर सोडायला आले तेव्हा पिशवी हातात देत फक्त एवढंच म्हणाले, "बोलत जाजो."

कारण मी बोलत नव्हते. लहानपणापासूनच. आमच्याकडच्या इंग्रजी शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं राहावं लागायचं, आणि इंग्रजी चुकलं की वर्ग हसायचा. मग मी एक पद्धत शोधली. आधी वाक्य मनात जुळवायचं. कर्ता, क्रियापद, सगळं तपासायचं. पुन्हा एकदा म्हणून बघायचं. मगच तोंड उघडायचं. साध्या बाहेर जाण्याच्या परवानगीसाठीही मी हे करायचे. पुढे पुण्याला कॉलेजात गेले, तर तिथे माझी मराठीच अडखळायला लागली. होस्टेलवर एकदा फोनवर आईला "मले नाही जमत" म्हटलं, तर पुढचा आठवडाभर खोलीतल्या मुली एकमेकींना "मले-तुले" म्हणत राहिल्या. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्यानंतर मी आईचा फोन जिन्यात जाऊन घ्यायला लागले, आणि मराठी वाक्यंही मनात जुळवायला लागले.

चिनीच्या वर्गाला मी नाव घातलं, त्याचं खरं कारण मी कुणाला सांगितलेलं नाही. तिथे सगळे शून्यावर होते. पुण्याच्या मुलीही. कुणाला काहीच येत नाही अशी ती एकच खोली मला सापडली होती, आणि तिच्यात मी सुटकेचा श्वास घेतला. लिहिण्यात मी चटकन पुढे गेले. लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नाही.

चीनमध्ये पोहोचल्यावर माझी जुनी पद्धत माझ्याबरोबरच पोहोचली. वर्गात मॅडम प्रश्न विचारायच्या, मी वाक्य जुळवायला घ्यायचे, आणि ते तयार होईपर्यंत विषय बदललेला असायचा. माझ्याजवळ अशी कितीतरी तयार वाक्यं साठली होती, ज्यांची वेळ निघून गेली होती. खानावळीत मी बोटाने दाखवायचे. टोमॅटो-अंड्याचं भांडं काचेच्या सगळ्यात जवळ असायचं, म्हणून मी रोज टोमॅटो-अंडं खाल्लं. माझ्या खोलीत आयझादा नावाची कझाकस्तानची मुलगी होती. ती चुकीचं चिनी धबधब्यासारखं बोलायची. शब्द आठवला नाही तर हात, भुवया, शेवटी अख्खं अंग वापरायची, आणि बाजारातून सगळं घेऊन यायची. मी तिची वाक्यं मनातल्या मनात दुरुस्त करत तिच्या मागे पिशव्या धरून उभी.

नोव्हेंबरच्या शेवटी लिन मॅडमनी मला वर्ग सुटल्यावर थांबवलं. त्या मवाळ होत्या, त्यामुळे जास्त भीती वाटली.

"तुझं लिहिणं चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण सत्राच्या शेवटी तोंडी परीक्षा असते. तिच्यात नापास झालीस तर पुढचं सत्र मिळणार नाही. तुला परत जावं लागेल. मला तसं व्हायला नकोय."

मी मान हलवली. वाक्य तयार झालं तेव्हा त्या जिना उतरून गेल्या होत्या.

परत जाण्याची मला भीती नव्हती. मन एरवीही अर्धं घरीच होतं, वेचणीच्या दिवसांत तर जास्तच. भीती वेगळीच होती. तीन भाषांत गप्प बसून झालं होतं, आणि प्रत्येक वेळी मी दोष भाषेवर टाकला होता. शाळेतली इंग्रजी, पुण्याची मराठी, घरची वऱ्हाडी, प्रत्येकीचं काही ना काही कारण होतं. चौथीतही गप्प बसले असते, तर दोष कुणाचा, हे मला कायमचं कळलं असतं.

आमच्या होस्टेलच्या दारात काचेची खिडकी होती आणि तिच्यामागे चाओ मावशी बसायच्या. आल्या-गेल्यावर लक्ष ठेवणं, किल्ल्या देणं, पार्सलं सांभाळणं हे त्यांचं काम. पन्नाशीच्या पुढच्या, गोल चेहऱ्याच्या, अंगात फुलाफुलांचा जाड कोट, हातात नेहमी विणकाम किंवा सूर्यफुलाच्या बिया. तिथे अशा बायकांना मावशीच म्हणतात, ते मला बरं वाटलं. त्यांचं बोलणं पुस्तकातल्यासारखं नव्हतं. त्या जवळच्या खेड्यातून आलेल्या होत्या आणि शब्द दाताखाली धरून बोलायच्या. म्हणून इथे मी त्यांना वऱ्हाडीत बोलू देते. मला त्या तशाच ऐकू यायच्या.

मावशी प्रत्येक जाणाऱ्याला एकच प्रश्न विचारायच्या. "कुठी चालली?" उत्तराची त्यांना काही गरज नसायची. ते तिथलं 'राम राम' आहे. मुली न थांबता "क्लास" म्हणून निघून जायच्या.

आणि मी परत फिरायचे.

पहिल्या दिवशी मलाही कळलं नाही मी काय करतेय. प्रश्न ऐकला, वळले, खिडकीशेजारच्या बाकावर बसले, पिशवीतली बाटली काढून घोटभर पाणी प्यायले, उठले, गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. रोजच तेच. मावशी चष्म्यावरून बघत राहायच्या. मी त्यांच्याकडे बघून हसायचे, कारण हसायला वाक्य लागत नाही.

काही दिवसांनी बाकावर एक उशी आली. मग एकदा मावशींनी माझी थंड पाण्याची बाटली सरळ हातातून काढून घेतली, तोंड वाकडं केलं आणि आपल्या थर्मासमधून गरम पाणी ओतून दिलं. नंतर सोललेलं संत्रं आलं. प्रत्येक वेळी त्या काहीतरी म्हणायच्या, आवाज जरा खाली आणून, आजाऱ्याशी बोलतात तसा. मला वाटलं, चांगल्या बाई आहेत.

एका दुपारी आयझादा हसत-हसत खोलीत आली आणि पलंगावर पडली.

"मावशींनी मला धरलं होतं. म्हणतात, तुझ्या मैत्रिणीला बाहेर जायची भीती वाटते का? रोज निघते आणि माघारी वळते, बसून राहते, मग कशीबशी जाते. कुणी त्रास देतंय का तिला? आज संध्याकाळी त्या ऑफिसात कळवणार आहेत. तिथे एक डॉक्टर आहे म्हणे, मनाची."

मी उठून बसले. ऑफिसात कळवलं असतं तर तिथे प्रश्न विचारले असते, आणि त्यांची उत्तरं मी देऊ शकले नसते, आणि मग सगळ्यांची खात्रीच झाली असती. खाली जाऊन सांगणं भाग होतं. मी दुपारभर वाक्यं जुळवली. 'आमच्या प्रदेशात अशी एक जुनी समजूत आहे की' इथपासून सुरुवात होती. फार सुरेख होती.

खाली गेले. मी तोंड उघडायच्या आत मावशींनी विचारलं, "जेवली का?" आणि सगळी वाक्यं सांडली.

"जेवली," मी म्हटलं. मग हातात जे उरलं होतं ते घेऊन निघाले. "मावशी, तुम्ही विचारता. मी बसते. तुम्ही नाही विचारत, मी नाही बसत."

त्यांनी विणकाम खाली ठेवलं. "म्हंजे? मी इचारते म्हून बसते?"

"हो. माझ्या घरी असं. जाताना 'कुठे' वाईट. काम होत नाही. बसलं, पाणी पिलं, मग नवीन जायचं. मग चांगलं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं झालं, आता मी यांचा अपमान केला. रोज इतक्या मायेने विचारलेला प्रश्न अपशकुन आहे, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. मान वर करायची हिंमत होईना. तेवढ्यात त्यांनी मांडीवर जोरात हात मारला.

"अव माय! म्हंजे इतके दिवस मीच तुये कामं बिघडवून राह्यली होती?"

आणि त्या हसायला लागल्या. खिडकीच्या काचा हलतील असं हसल्या. डोळे पुसत बाहेर येऊन बाकावर माझ्याजवळ बसल्या. "मी तं समजली पोरीले भूतबाधा झाली. माही माय बी अशीच होती. नव्या वर्षाच्या दिवशी झाडूले हात नाही लावू देत जाय. झाडलं का नशीब बाहीर."

मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे दिवेलागणीला झाडत नाहीत, लक्ष्मी जाते म्हणून.

"रोज?"

"रोज."

"आमचं तं वर्षातून एकच दिवस," मावशी विचार करत म्हणाल्या. "तुमची लक्ष्मी लय नाजूक दिसते बाई."

मी हसले. आणि हसता-हसता म्हणाले, "नाजूक नाही. रागीट." हे वाक्य मी जुळवलं नव्हतं. ते कुठून आलं मला माहीत नाही.

त्यानंतर मावशींनी तो प्रश्न माझ्यापुरता बंद केला. पण सवय कुठे जाते? मी जिना उतरताना दिसले की त्यांच्या तोंडातून अर्धा शब्द निघायचा, त्या ओठ दाबायच्या, आणि बाकी सगळं विचारायच्या. आत किती स्वेटर घातलेत. मोजे ओले नाहीत ना. बापाच्या शेतात काय आहे. कापूस एका झाडाला कितीदा येतो, वेचतं कोण, बाया काय गातात. आणि गंमत अशी की कुणी टोकत नसतानाही मी बसायचे. बाक उबदार असायचा. त्यांचा मुलगा दक्षिणेत कुठल्याशा कारखान्यात होता, फोनवर नुसतं 'हं' म्हणायचा, आणि त्या त्याच्या वाट्याचं बोलणं माझ्यावर ओतायच्या. मला उत्तरं द्यावी लागायची, तीही लगेच. मी थांबले की त्या स्वतःच माझं उत्तर देऊन टाकायच्या आणि ते नेहमी चुकीचं असायचं. बाबांना त्यांनी एकदा रेल्वेत लावलं, एकदा माझं लग्न ठरवलं. ते खोडण्यासाठी तरी मला घाईने बोलावं लागायचं. चुकायचे. खूप चुकायचे. पण त्यांचं लक्ष माझ्या चुकांकडे नसायचं, गोष्टीकडे असायचं.

वर्गात एकदा मी काहीतरी बोलले आणि लिन मॅडम चमकल्या. "हे कुठे शिकलीस? पुस्तकात असं नाही. हे खेड्यातलं बोलणं आहे."

"होस्टेलच्या मावशींकडून."

"त्यांच्याकडून उच्चार नको शिकूस," मॅडम म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, "पण बोलत राहा."

खेड्यातलं बोलणं. पुण्यात हे ऐकलं असतं तर मी पुढचे कित्येक दिवस तोंड उघडलं नसतं. तिथे मला फुशारकी वाटली. इतक्या लांब येऊन, इतक्या मोठ्या देशात, मला पुन्हा एक खेडं सापडलं होतं आणि त्याने मला त्याची बोली दिली होती. त्या संध्याकाळी आईचा फोन आला तेव्हा मी जिन्यात गेले नाही. बाकावरच बसून, मोठ्याने, "मले ऐकू येऊन राह्यलं, तू बोल" असं म्हणाले. आजूबाजूला ती भाषा उच्च आहे की नीच, हे ठरवणारं कुणी नव्हतं. किती सोपं होतं ते.

मावशींनी फोनमध्ये डोकं घातलं. तिकडे आई कापसाच्या खोलीत होती, मागे सगळं पांढरं.

"बर्फ?" मावशींनी विचारलं.

"कापूस," मी म्हटलं.

मावशींनी आपल्या कापूस भरलेल्या कोटाची बाही पकडून फोनसमोर नाचवली. आईने मूठभर कापूस उचलून दाखवला. दोघी जोरजोरात बोलायला लागल्या, आपापल्या भाषेत, बहिऱ्याशी बोलावं तशा. मी मधे.

"इचार तिले, जेवली का?" आई म्हणाली. मावशींनी तेच आईला विचारायला सांगितलं होतं, म्हणून मला एकच भाषांतर दोन्हीकडे वापरता आलं.

मग आई जरा गंभीर झाली. "तिले सांग, आमची पोरगी बोलत नाही हो. लक्ष ठेवजा म्हना."

हे मला सांगावं लागलं. स्वतःबद्दल, स्वतःच्या तोंडाने. मी जमिनीकडे बघत सांगितलं. मावशींनी फोन माझ्या हातातून घेतला, आईचा चेहरा अगदी नाकाशी धरला.

"कोन? हे? हे नाही बोलत? रोज सकाळी डोस्कं खाते हे माहं!"

"काय म्हनते ते?" आईने विचारलं.

मला तेही सांगावं लागलं. आईने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की दुसरं काही, हे फोनच्या त्या पडद्यावर दिसलं नाही, आणि मीही विचारलं नाही. आमच्याकडे असं विचारत नाहीत.

मी आता दुभाष्याचं काम करते. यंत्रं विकणारे आणि यंत्रं घेणारे यांच्या मधे, बहुतेक वेळा याच घरातून, मागच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून. समोरच्याची घाई असते, वाक्यं जुळवायला वेळच नसतो. लोक म्हणतात, कठीण काम आहे. मला ते विश्रांतीसारखं वाटतं. चूक झाली तर झाली म्हणायचं, दुरुस्त करायची, पुढे जायचं. शाळेत हे कुणी शिकवलं असतं तर किती वर्षं हलकी गेली असती, असं कधी मनात येतं. मग पलीकडून कुणीतरी खोकतो, बोलायला सुरुवात करतो, आणि ते मनातून निघून जातं.

तिथल्या त्या तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवसापासून मावशींनी काहीतरी चालवलं होतं. मी गेले की लोक बोलायचं थांबवायचे. सकाळी खाली उतरले तेव्हा कळलं. फरशी पुसणाऱ्या काकांनी मला बघितलं आणि बादलीत डोकं घातलं. दोन थाई मुली भिंतीकडे वळल्या. आयझादा छताकडे बघत होती. मावशी खिडकीत तोंडावर हात घट्ट दाबून बसल्या होत्या, चेहरा लाल. सगळ्या होस्टेलला ताकीद होती, आज या मुलीला कुणी कुठे चाललीस असं विचारायचं नाही. त्या शांततेतून मी एकटीच, बुटांचा आवाज करत, दारापर्यंत गेले. असं वाटलं की हसावं, असं वाटलं की रडावं. वळून म्हटलं, "परीक्षेले चालली." मावशींनी दुसऱ्या हातानेही तोंड दाबलं आणि मान हलवली, जाय, जाय.

फाटकाबाहेर वाफवलेले पाव विकणारा एक गाडीवाला उभा होता. बांबूच्या टोपल्यांतून वाफ निघत होती. मी रोज त्याच्यासमोरून जायचे, कधी थांबले नव्हते. त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

"एवढ्या लवकर कुठे?" त्याने विचारलं.

माझे गुडघे वाकले. तिथे एक प्लास्टिकचं बुटकं स्टूल होतं, त्यावर बसले. त्याला वाटलं गिऱ्हाईक. त्याने टोपली उघडली.

"किती?"

"नाही, नाही, खायचं नाही. फक्त बसायचं. तुम्ही विचारलं ना, म्हणून. तुमची चूक नाही. आमच्याकडे जाताना कुठे विचारलं तर काम बिघडतं, आणि आज माझी परीक्षा आहे, आणि मावशींनी सगळ्यांना सांगितलं होतं, पण तुम्ही बाहेर असता, तुम्हाला कसं कळणार? आता थोडं पाणी पाहिजे. गरम चालेल."

तो डाव हातात धरून ऐकत राहिला. मग त्याने सोयाबीनचं गरम दूध पेल्यात ओतून पुढे केलं. "पाणी नाही. हे चालतं का तुमच्याकडे?"

"सोयाबीन चालतं," मी म्हटलं. "सोयाबीन तर आमच्या घरचं आहे."

अर्ध्या रस्त्यात पोहोचल्यावर माझ्या लक्षात आलं की मी आत्ता एका अनोळखी माणसाला एक अख्खी गोष्ट सांगितली, मनात एकदाही न म्हणून बघता. पाय थांबले. मग भीती वाटली की त्याचा विचार केला तर ते जाईल, म्हणून भराभर चालत सुटले.

परीक्षेच्या खोलीत लिन मॅडम होत्या आणि त्यांच्याशेजारी एक वयस्कर सर, ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. मी 'माझं गाव' पाठ करून आले होते. डोंगर, नदी, मुख्य पीक. सरांनी माझ्या कागदाकडे पाहिलंही नाही.

"पाठ केलेलं राहू दे," ते म्हणाले. "आज सकाळी इथपर्यंत कशी आलीस, ते सांग."

पूर्वी मी इथे थांबले असते. कर्ता शोधला असता. पण अंगात सोयाबीनच्या दुधाची ऊब होती आणि गोष्ट ताजी होती.

"चालत आले," मी म्हटलं. "पण सरळ नाही आले. आधी एका ठिकाणी बसावं लागलं."

"का? पाय दुखत होते?"

"नाही. मला एकाने विचारलं, कुठे चाललीस."

सरांनी भुवया वर केल्या. मी सांगायला लागले. बादलीत डोकं घातलेले काका आले, भिंतीकडे वळलेल्या मुली आल्या, मावशींचा लाल चेहरा आला. सर हसायला लागले आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग?" ते म्हणाले. मग मी गाडीवाला सांगितला. "मग?" मग बेबीकाकूंचं सांगितलं, की गावात टोकायचं काम त्यांच्याकडेच आहे, आणि आईचं त्यांच्याशी रोज काय भांडण होतं. मधे शब्द सापडले नाहीत तिथे हात वापरले, भुवया वापरल्या. एका जागी लिन मॅडमनी उच्चार दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि सरांनी त्यांना हातानेच थांबवलं. बाहेर दारावर टकटक झाली. मी ऐकलं, आणि तरी थांबले नाही. आई बेबीकाकूंना म्हणते की जाणाऱ्याला कधीही असं...

"पुरे," सर म्हणाले. "पुरे, पुरे. पास आहेस तू. बाहेर अजून बरीच मुलं थांबली आहेत."

आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणीतरी बोलायचं थांब म्हटलं होतं. मी उठले, खुर्ची सारखी केली, दोघांना वाकून नमस्कार केला. अर्धं वाक्य तिथेच टेबलावर राहिलं. ते पूर्ण करावं, असं मला वाटलं नाही. दार उघडून मी बाहेर थंडीत आले.